पायाचा ठोका आणि मायक्रोफोन

(नभोवाणीवरील भाषण)

विलायती नृत्यसंगीताची एखादी ध्वनिमुद्रिका घरांत लागली, म्हणजे घरांतील प्रत्येकाचें लक्ष निरनिराळ्या गोष्टीकडे जातें. कोणी गाणाऱ्याचा गळा ऐकतो, कोणी कर्णेवाद्यांची चढाओढ ऐकतो, आणि ज्याला तंतुवाद्यांचा नाद आहे तो गिटारच्या तारांकडे कान लावून बसतो. परंतु खोलींतील लहान मूल ज्या आवाजावर पाय आपटूं लागतें, तो आवाज यांपैकीं कोणताच नसतो. तो असतो सर्वांत खालचा, सर्वांत भारदस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित असा एक ठोका. हा ठोका हातानें दिलेला नसून पायानें दिलेला असतो. ज्या वाद्यावर तो पडतो त्याचें इंग्रजी नांव बास ड्रम. स्टुडिओंतील कारागीर मात्र त्याला किक ड्रम, म्हणजे लाथेचा ड्रम, या रोखठोक नांवानेंच ओळखतात.

तबल्याच्या जोडींत जें स्थान डग्ग्याचें, तेंच ड्रमच्या सरंजामांत या वाद्याचें. तबल्याचे बोल कितीहि स्वच्छ निघाले, तरी मागें डग्ग्याचा घुमारा नसेल तर ठेका उघडा पडतो. किक ड्रमवांचून हें संगीतहि तसेंच पोरकें होतें. असें असूनहि ध्वनिमुद्रणाच्या कलेंत हा ठोका धरण्याइतकें अवघड काम दुसरें क्वचितच असेल. तो निसटतो कां, आणि तो धरण्यासाठीं मायक्रोफोन कोणता निवडावा व कोठें ठेवावा, हाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेणें इष्ट होईल. हा ड्रम म्हणजे सुमारें बावीस इंच व्यासाचें, आडवें ठेवलेलें एक लाकडी पिंप होय. त्याचीं दोन्ही तोंडें पडद्यांनीं मढविलेलीं असतात. पूर्वीं हे पडदे कातड्याचे असत. आतां ते बहुधा प्लॅस्टिकचे असतात. वादकानें पॅडल दाबलें कीं त्याला जोडलेला एक गोळा त्याच्या बाजूच्या पडद्यावर येऊन आदळतो. १९०९ सालीं शिकागोच्या विल्यम लुडविग यांनीं सुटसुटीत आणि चपळ पॅडल बनविलें, आणि एकाच माणसानें बसल्या जागीं हातांनीं व पायांनीं सारा ताल सांभाळण्याची रीत त्यानंतर झपाट्यानें पसरली.

या ठोक्याचे कान देऊन दोन भाग करतां येतात. गोळा पडद्यावर आदळतो त्या क्षणाचा ‘टक्’ असा कोरडा आघात हा एक, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा ‘धुम्’ असा घुमारा हा दुसरा. घुमाऱ्याची कंपसंख्या सेकंदाला साधारण ५० ते ८० असते. आघाताची मात्र दोन हजारांपासून चारपांच हजारांपर्यंत जाते. सेकंदाला ६० कंप असलेल्या नादाची एक लहर हवेंत जवळजवळ १९ फूट लांब असते. म्हणजे मध्यम आकाराचा दिवाणखाना ती एकटीच व्यापून टाकते. एकाच वाद्यांतून एकाच क्षणीं निघालेल्या या दोन आवाजांचे स्वभाव असे परस्परविरुद्ध आहेत, आणि दोघांनाहि एकाच तबकडीवर सुखानें नांदवावयाचें, हें ध्वनिमुद्रकापुढील कोडें आहे.

हें कोडें सुटलें नव्हतें तेव्हां काय होत असे, याचें एक बोलकें उदाहरण आहे. १९२३ सालच्या एप्रिल महिन्यांत शिकागोचा किंग ऑलिव्हर यांचा जाझ-संच ध्वनिमुद्रणासाठीं इंडियाना संस्थानांतील रिचमंड या गांवीं गेला. तेथील जेनेट कंपनीचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना इतका लागून होता, कीं गाडी आली म्हणजे काम थांबवावें लागे. त्या स्टुडिओंत मायक्रोफोन नव्हता. सारे वादक एका मोठ्या कर्ण्यापुढें उभे राहत, आणि कर्ण्यांत शिरलेल्या हवेच्या कंपानेंच दुसऱ्या टोकाची सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत असे. तरुण लुई आर्मस्ट्राँग यांचें कॉर्नेट इतकें जोरकस होतें, कीं त्यांना इतरांच्या बरेंच मागें उभें करावें लागलें. ही आठवण संचांतील पियानोवादक लिल हार्डिन यांनींच पुढें सांगितली. परंतु ड्रमवादक बेबी डॉड्स यांच्या वाट्याला याहून कठोर वनवास आला. मोठ्या ड्रमचा धक्का सुईला तिच्या चरींतून उडवील अशी त्या काळच्या ध्वनिमुद्रकांना भीति असे, आणि मंद खर्ज तर कर्ण्यांत नीट शिरतच नसे. त्यामुळें डॉड्स यांच्या हातीं मुख्यतः लाकडी ठोकळे तेवढे उरले. शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्यें ज्यांच्या पायाच्या ठोक्यावर रात्रीच्या रात्री जोडपीं नाचत, त्यांच्या पायाचा त्या तबकड्यांवर जवळजवळ मागमूसहि नाहीं. ज्यांनीं तो त्या नृत्यगृहांत ऐकला, त्यांच्याबरोबरच तो गेला.

पुढें दोनच वर्षांनीं, १९२५ सालीं, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची विद्युत्-ध्वनिमुद्रणाची पद्धत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनीं स्वीकारली. कर्णा गेला, मायक्रोफोन आला, आणि खर्जाला दार उघडलें. पण दार उघडलें म्हणून पाहुणा आंत आलाच असें होत नाहीं. पुढील कित्येक वर्षें साऱ्या संचासाठीं एक किंवा दोनच मायक्रोफोन मांडले जात, आणि ड्रमवाल्याला सर्वांत मागें, भिंतीजवळ, बसविलें जाई. त्याचा मोठा ड्रम ऐकूं येई तो असा, जणू कांहीं शेजारच्या घरांत कोणी गादी झोडपीत आहे.

आतां मायक्रोफोनाच्या निवडीकडे वळावयास हरकत नाहीं. हवेच्या कंपाचें विजेच्या कंपांत रूपांतर करणें हें प्रत्येक मायक्रोफोनाचें काम. तें करण्याच्या तऱ्हा मात्र भिन्न आहेत. एका जातींत पातळ पडद्याला तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें आणि तें चुंबकाच्या पोटांत मागेंपुढें हलतें; हा डायनॅमिक मायक्रोफोन. दुसऱ्या जातींत वेटोळ्याऐवजीं धातूची अतिशय तलम पट्टी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें लोंबत असते, हा रिबन. तिसरा कंडेन्सर, यांत विद्युद्भार असलेला एक पडदा धातूच्या तबकडीसमोर थरथरतो, आणि त्या दोहोंमधील अंतर बदललें कीं विजेचा प्रवाह बदलतो. कंडेन्सर अत्यंत बारकाईनें ऐकतो, आणि रिबनचा आवाज मृदु असतो. तरी किक ड्रमच्या तोंडाशीं बहुतेक ध्वनिमुद्रक डायनॅमिकच ठेवतात. याचें कारण सरळ आहे. ड्रमच्या पोटांत आवाजाची तीव्रता १३० डेसिबेलांच्याहि पुढें जाऊं शकते, आणि प्रत्येक ठोक्यासरशी हवेचा एक झोत बाहेर पडतो. या झोतापुढें रिबनची तलम पट्टी ताणली किंवा फाटली जाण्याचा धोका असतो. डायनॅमिक मात्र हा मार निमूटपणें सोसतो.

या जातीचीं कांहीं नांवें स्टुडिओंतून घरच्या माणसांसारखीं घेतलीं जातात. व्हिएन्नाच्या ए. के. जी. कंपनीचा डी-१२ हा १९५३ सालचा; जर्मनीच्या झेनहायझर कंपनीचा एम. डी. ४२१ हा १९६० सालचा. अमेरिकेच्या इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा आर. ई. २० हा १९६८ सालचा. नंतर आलेले ए. के. जी.चा डी-११२ आणि शुअर कंपनीचा बीटा ५२ हे तर याच वाद्यासाठीं घडविलेले आहेत. या शेवटच्या दोघांत खर्ज आणि आघात हे दोन्ही मुळांतच उठावदार केलेले असतात आणि मधला भाग दबलेला असतो. आर. ई. २० हा त्या मानानें सरळमार्गी आहे. जें समोर येईल तेंच तो सांगतो. घडविलेला मायक्रोफोन म्हणजे मसाला घालून आलेली भाजी. घाईच्या वेळीं ती सोयीची खरी, पण घातलेला मसाला काढून घेतां येत नाहीं. ज्या ड्रमचा मूळ आवाज सुंदर आहे त्याला सरळमार्गी मायक्रोफोन शोभतो. ज्याचा आवाज ढिला व अस्पष्ट आहे त्याला घडविलेल्याचा आधार मिळतो.

परंतु निवडीहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. जो मायक्रोफोन विशेषतः एकाच दिशेचा आवाज घेतो, तो उगमाच्या जितका जवळ न्यावा तितका त्याचा खर्ज फुगत जातो. नभोवाणीवरील निवेदक मायक्रोफोनाला ओठ लावून बोलूं लागला कीं त्याचा आवाज एकदम धीरगंभीर होतो, तो याच कारणानें. आर. ई. २० ची रचना तर हा फुगवटा आवरण्यासाठींच केलेली आहे. म्हणून चार बोटें पुढें कीं चार बोटें मागें, हा प्रश्न किरकोळ नसून आवाजाचें रूपच त्यावर ठरतें.

ही गोष्ट ज्या प्रसंगानें सर्वांच्या ध्यानांत आली, तो लंडनमध्यें घडला. ॲबे रोडवरील ई. एम. आय. कंपनीचा स्टुडिओ १९३१ सालीं सुरू झाला. तेथें शिस्त कडक होती, आणि महागड्या मायक्रोफोनांना इजा होऊं नये म्हणून ते मोठ्या ड्रमपासून ठराविक अंतरावर ठेवण्याचा दंडक होता. ६ एप्रिल १९६६ रोजीं जेफ एमरिक नांवाचा अवघ्या वीस वर्षांचा तरुण बीटल्स या चौकडीचा मुख्य ध्वनिमुद्रक म्हणून प्रथम कामाला बसला. त्यानें एक लोकरीचा स्वेटर घेऊन रिंगो स्टार यांच्या मोठ्या ड्रमच्या पोटांत कोंबला, म्हणजे घुमारा लांबत न राहतां आटोपशीर झाला. आणि मायक्रोफोन उचलून ड्रमपासून कांहीं इंचांवर आणून ठेवला. जो ठोका तोंवर मागें कोठें तरी कुजबुजत होता, तो छातीवर पडूं लागला. दंडक मोडल्याबद्दल प्रश्न निघालाच. एमरिक यांनीं पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें वरिष्ठांनीं अखेर लेखी परवानगी दिली, पण ती त्या चौकडीच्या कामापुरतीच! आज ज्या गोष्टीला कोणी कौतुकहि करीत नाहीं, ती करण्यासाठीं एका तरुणाला आपली नोकरी पणाला लावावी लागली होती.

त्यानंतर ही विद्या पुष्कळ पुढें गेली आहे, आणि तिचे नियम अनुभवानें ठरले आहेत. पहिला नियम असा कीं, मायक्रोफोनाला हात लावण्यापूर्वीं ड्रम दुरुस्त करावा. पडद्याचा ताण सर्व बाजूंनीं सारखा नसेल, पॅडल करकरत असेल किंवा एखादा स्क्रू खुळखुळत असेल, तर उत्तम मायक्रोफोन तो दोष उत्तम प्रकारें टिपतो एवढेंच. घुमारा फार लांबत असेल तर आंत एखादी उशी किंवा घडी केलेली रजई पडद्याला जेमतेम टेकेल अशी ठेवावी. ती इतकी ठासूं नये कीं ड्रमचा लाकडी खोका व्हावा.

दुसरा नियम जागेचा. हल्ली बहुतेक ड्रमांच्या पुढच्या पडद्याला, मध्यबिंदु सोडून एका बाजूला, चारपांच इंचांचें भोंक असतें. मायक्रोफोन त्या भोंकांतून आंत नेऊन वादकाच्या बाजूच्या पडद्यापासून दोनचार इंचांवर ठेवला तर ‘टक्’ ठळक येतो आणि ‘धुम्’ कमी होतो. तोच मागें घेत घेत भोंकाच्या कडेशीं आणला तर घुमारा भरत जातो. मात्र भोंकाच्या अगदीं तोंडावर तो सरळ धरूं नये, कारण तेथें हवेचा झोत सर्वांत जोरदार असतो. किंचित् तिरपा धरावा. आणखी फूट-दीड फूट बाहेर नेला तर आवाज गोल व नैसर्गिक होतो, पण त्याबरोबर शेजारच्या झांजाहि आंत शिरूं लागतात. तसेंच मायक्रोफोनाचें तोंड गोळा जेथें आदळतो त्या बिंदूकडे वळविलें तर आघात तीक्ष्ण होतो, आणि बाजूला वळविलें तर सौम्य होतो. एकानें ठोका द्यावा, दुसऱ्यानें मायक्रोफोन बोटभर सरकवावा आणि तिसऱ्यानें पलीकडच्या खोलींत बसून ऐकावें, याहून निराळी युक्ति या कामांत नाहीं.

तिसरा नियम दोन मायक्रोफोनांचा. एक आंत आघातासाठीं आणि एक बाहेर घुमाऱ्यासाठीं, अशी जोडी पुष्कळ जण लावतात. दुसरा मायक्रोफोन म्हणून कधीं कधीं चक्क लाऊडस्पीकरच उलटा जोडतात. ज्या शंकूनें आवाज बाहेर फेंकावयाचा, त्याच शंकूला आवाजानें हलवून त्यांतून वीज मिळवावयाची, अशी ही क्लृप्ति आहे. ॲबे रोडवर १९६६ सालच्या त्याच एप्रिल महिन्यांत बास गिटारसाठीं ती योजण्यांत आली होती, आणि पुढें यामाहा कंपनीनें सबकिक या नांवानें किक ड्रमसाठीं तसें तयार उपकरणच विकलें. पण जोडी जुळली नाहीं तर घरांत कलह माजतो, तसा येथेंहि माजतो. आवाजाला एक फूट जाण्यास सेकंदाचा सुमारें हजारावा भाग लागतो. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षां तीन फूट मागें असला, तर सेकंदाला १९० कंपांच्या आसपासचे नाद दोघांकडे नेमके उलट्या पावलानें पोहोंचतात, आणि दोन्ही आवाज एकत्र करतांच परस्परांना गिळतात. दोन मायक्रोफोन लावून ठोका दुप्पट होण्याऐवजीं अर्धा झाला, असा अनुभव नवशिक्यास हमखास येतो. त्यावर उपाय असा कीं, एकाची विद्युत्-दिशा उलट करून पाहावी, जागा बदलून पाहावी, आणि ज्या स्थितींत खर्ज सर्वांत भरदार लागेल ती कायम करावी.

हे सर्व नियम पाठ झाल्यावर कोणासहि वाटेल कीं, जवळ जाणें हाच यशाचा मार्ग. पण त्याला उत्तर देणारी एक ध्वनिमुद्रिका १९७१ सालीं निघाली. लेड झेपेलिन या इंग्लिश संचानें हॅम्पशायर परगण्यांतील हेडली ग्रेंज नांवाच्या जुन्या इमारतींत मुक्काम ठोकला होता. जॉन बोनहॅम यांचा ड्रम तेथील उंच जिन्याच्या तळाशीं दालनांत मांडला होता. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनीं बायर कंपनीचे एम-१६० हे दोन रिबन मायक्रोफोन घेतले आणि ते वर जिन्यावर नेऊन टांगले. ड्रमच्या तोंडाशीं एकहि मायक्रोफोन नव्हता. मोठ्या ड्रमचा ठोका दगडी-लाकडी भिंतींवर आपटत, जिना चढत वर आला, आणि त्यानंतर यंत्रांनीं त्याला दाबून अधिक प्रचंड केलें. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याचा तो आरंभ आजहि ड्रमच्या आवाजाचा मानदंड समजला जातो. जो रिबन ड्रमच्या तोंडाशीं फाटला असता, तोच दूर अंतरावर राजासारखा बसला.

एमरिक यांनीं जवळ जाऊन जें साधलें, तेंच जॉन्स यांनीं दूर जाऊन साधलें. मग खरें कोणतें? याचें उत्तर मायक्रोफोनाच्या किंमतींत सांपडत नाहीं. एकानें श्रोत्याला ड्रमच्या शेजारीं बसविलें. दुसऱ्यानें त्याला एका घुमणाऱ्या दालनांत उभें केलें. श्रोत्याला कोठें बसवावयाचें हें आधीं ठरवावें, मग जागा ठरवावी, आणि मायक्रोफोन सर्वांच्या शेवटीं निवडावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात, आणि म्हणून पैसे खर्चूनहि त्यांच्या हातीं गादी झोडपल्याचाच आवाज येतो.

यांत घरीं बसून ऐकणाऱ्याचाहि विचार करावा लागतो. गणेशोत्सवांतील ढोलपथकाचें चित्रण मोबाइलवर करून तें घरच्यांना दाखविलें, तर रस्त्यावर छातींत बसलेला धक्का नाहींसा झालेला आढळतो. कारण त्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा नाद उमटवितांच येत नाहीं. किक ड्रमचेंहि तसेंच आहे. लहान संचावर ६० कंपांचा नाद जवळजवळ लोपतो. उरतात ते त्याचे वरचे उपनाद आणि तो ‘टक्’. मनुष्याचा कान मात्र मोठा समंजस आहे. वरचे उपनाद मिळाले कीं गाळलेला मूळ नाद तो स्वतः पुरा करून घेतो. म्हणून विवेकी ध्वनिमुद्रक आघाताला तुच्छ लेखीत नाहीं. मोठ्या संचावर त्याचा घुमारा लोकांना नाचवितो, आणि लहान संचावर आघात त्या घुमाऱ्याची आठवण राखतो.

आतां पुन्हां बेबी डॉड्स यांच्याकडे वळून हें भाषण संपविणें उचित होईल. १९४६ सालीं त्यांच्या एकट्याच्या ड्रमवादनाचें ध्वनिमुद्रण झालें. या वेळीं पुढें कर्णा नव्हता, मायक्रोफोन होता, आणि ठोकळ्यांवर भागविण्याची सक्ति नव्हती. रिचमंडच्या त्या एप्रिलनंतर तेवीस वर्षांनीं त्या वादकाच्या पायाला तबकडीवर जागा मिळाली. १९५९ सालीं ते वारले. मायक्रोफोन ठेवणारा माणूस स्वतः एकहि ठोका वाजवीत नाहीं. तरी कोणाचा ठोका मागें उरावा आणि कोणाचा विरून जावा, हें बोटभर अंतरावर त्याच्या हातून ठरत असतें.